खामूसला सूट नको होती

मैसाने खामूसला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो तिच्या आईच्या हातचा मार खात होता. आईच्या हातात काठी नव्हती, पातेल्याचं झाकण होतं. जेर्बा बेटावरून बोटीत, बोटीतून छावणीत आणि छावणीतून ट्रकने या वाळूत आणलेलं तिचं कुसकुस रांधायचं पातेलं, आणि त्यात या सतरा वर्षांच्या पोराने न विचारता मेंढ्याचं शिंग उकळत घातलं होतं.

यहुदी नवीन वर्षाचा सण तोंडावर आला होता. वसाहतीला अजून रस्ताही नव्हता, पण पत्र्याच्या एका खोलीचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, झालं होतं आणि तोराची, धर्मग्रंथाची, गुंडाळी बेटावरून सुखरूप पोचली होती. सणाला वाजवायचं शिंग मात्र कुणाच्या तरी पेटीबरोबर वाटेत हरवलं. मोठी माणसं बैरशेबा शहरातल्या कचेरीला निरोप धाडून वाट बघत बसली. खामूस उठला, वाळवंटात मेंढ्या पाळणाऱ्या बेदूइनांच्या तंबूंपर्यंत चालत गेला आणि एक शिंग मागून घेऊन आला. आतला हाडाचा गाभा सुटायचा तर शिंग तासन्‌तास उकळावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. ते कुणाच्या भांड्यात उकळू नये, हे ठाऊक नव्हतं. परक्याच्या हातून कापल्या गेलेल्या जनावराचं शिंग, त्याला चिकटलेली कातडी आणि मांस. पातेलं बाटलं, आणि वास साऱ्या झोपड्यांमध्ये शिरला.

"या पातेल्यात माझ्या आईने माझ्या लग्नाचं जेवण रांधलं होतं," मैसाची आई सांगत होती, आणि दर शब्दाला एक झाकण बसत होतं. खामूस पळाला नाही. एक हात डोक्यावर घेऊन दुसऱ्या हाताने तो पातेलं चुलीवर सावरून धरत होता.

"मावशी, अजून अर्धा तास," तो म्हणाला. "मग सगळं एकदम मारा."

वसाहतीच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, ते पातेलं पुढे रीतसर शुद्ध करून दिलं, पण आईने त्यात पुन्हा काही शिजवलं नाही. कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. मैसाने खामूसशी लग्न केलं तेव्हा आई एवढंच म्हणाली की, स्वयंपाकघराला कुलूप लावत जा.

खामूस तापट होता हे गावात कुणाला सांगावं लागायचं नाही. पाणी वेळेवर न सोडणाऱ्या कचेरीवर तो चिडायचा, लिंबाला भाव न देणाऱ्या व्यापाऱ्यावर चिडायचा, प्रार्थनेतले शब्द गिळणाऱ्या तरुणांवर तर फारच. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचा नाही, नुसत्या भुवया वर न्यायचा, आणि त्या भुवयांनी मैसाचं डोकं जास्त फिरायचं. मुलं शहरात राहायला गेली तेव्हा दोन वर्षं त्याने त्यांच्या घरचं पाणी घेतलं नाही. फक्त शिंग ओठाला लावलं की त्याच्या कपाळावरची शीर खाली बसायची. सणाआधी महिनाभर पहाटेच्या प्रार्थनेत, आणि मग सणाचे दोन दिवस, तेच बेदूइनांचं शिंग तो वाजवायचा. गावातली दोन पिढ्यांची माणसं त्या आवाजावर वाढली.

शिंग का वाजवायचं, हे त्याला बापाने बेटावर असताना सांगितलं होतं, आणि ते त्याने मैसाला इतक्या वेळा सांगितलं की तिला त्यातले श्वाससुद्धा पाठ झाले. वाळवंटात देवाने आपल्या लोकांचा पुढारी मोशे याला चांदीचे दोन कर्णे घडवायला सांगितले. सणाच्या दिवशी ते वाजवा, म्हणजे तुमची आठवण माझ्यापुढे राहील. लहानग्या खामूसने विचारलं होतं, मग देव विसरतो का? बाप म्हणाला, तो कुठला विसरतो. त्याने दिलेला शब्द तो पाळतोच आहे. विसरतो आपण. तो विसरलेला नाही, हे वर्षातून एकदा आपल्या कानावर पडावं म्हणून वाजवायचं.

कान गेले ते हळूहळू. पंपाच्या खोलीत आणि ट्रॅक्टरवर आयुष्य गेलं, त्याचं ते फळ. ऐकू येत नाही असं त्याने कधी कबूल केलं नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्याची तक्रार होती. दवाखान्यातून मिळालेलं यंत्र दोन दिवस कानात घालून त्याने खणात टाकलं. कानात रातकिडा पाळायची हौस नाही म्हणाला. मैसा त्याच्यासमोर उभी राहून बोलायला शिकली, तो तिचे ओठ वाचायला शिकला, आणि या गोष्टीवर दोघं कधी बोलली नाहीत.

सिनेगॉगमध्येही कुणाला कळलं नाही, त्याचं कारण सासी. शिंगाचे सूर तीन तऱ्हांचे: एक लांब, एक मोडका, हुंदके दिल्यासारखा, आणि एक कापरा. प्रत्येक सुराआधी त्याचं नाव वाजवणाऱ्याच्या कानाशी हळूच सांगायला एक माणूस शेजारी उभा असतो. सासी ते काम खामूस वाजवायला लागल्यापासून करत होता. क्रम खामूसला पाठच होता. एखादा सूर बिघडला की सांगणाऱ्याने "पुन्हा" म्हणायचं आणि वाजवणाऱ्याने तो परत घ्यायचा, तेवढीच अडचण. तेव्हा सासी त्याचं कोपर दाबायचा. दोघा म्हाताऱ्यांनी अशी बरीच वर्षं काढली. मग एका हिवाळ्यात सासी वारला, आणि त्याची जागा कारभारी निसीमने घेतली.

त्या वर्षी सणाच्या पहिल्या दिवशी मैसा बायकांच्या जाळीमागे पुढच्याच खुर्चीवर बसली होती. खामूसने आशीर्वाद म्हटला. तिथून शेवटचा सूर होईपर्यंत सूर सांगणाऱ्याखेरीज कुणी एक शब्द बोलायचा नसतो. पहिले सूर स्वच्छ गेले. मग एका मोडक्या सुरात त्याचा श्वास तुटला. निसीमने प्रार्थनेची शाल डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेली होती. तो शालीच्या आतून "पुन्हा" म्हणाला. खामूस पुढच्या सुरावर गेला. निसीम जरा मोठ्याने म्हणाला. खामूस आणखी पुढे. बाकांवरून शुकशुक सुरू झाली, कुणी बाकावर बोटं वाजवली. खामूस शाल डोक्यावरून घेऊन, तोरा ठेवलेल्या पवित्र कपाटाकडे तोंड करून, डोळे मिटून पुढचा श्वास भरत होता.

निसीम घाबरट माणूस. घाबरटांच्या हातून होतं तसंच त्याच्या हातून झालं. जास्तीचं शिंग बस ड्रायव्हर हनानेलकडे असायचं, ऐनवेळी लागलं तर. निसीमने खामूसला हात लावला नाही, त्याच्या पुढ्यात आला नाही. त्याने मागे वळून हनानेलला खूण केली, आणि हनानेलने खामूसच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभं राहून वाजवायला सुरुवात केली.

खामूस वळला नाही.

सगळ्या सिनेगॉगने पाहिलं. शिंग त्याच्या मानेशी ओरडत होतं आणि तो तसाच उभा होता, जणू रिकाम्या शेतात. मग त्याने आपलं शिंग उचललं आणि हनानेलच्या सुरावरच आपला सूर घातला. दोन शिंगं एकमेकांच्या अंगावर गेली. निसीमने पुढे होऊन खामूसच्या शिंगाच्या तोंडावर तळहात दाबला, तेव्हा कुठे खामूसने डोळे उघडले. त्याने निसीमचा हात पाहिला. मग मागे हनानेल, त्याचे फुगलेले गाल. बोलायची बंदी होती, म्हणून तो बोलला नाही. शिंग शालीत गुंडाळून बाकावर जाऊन बसला.

जाळीमागे मैसाने पुस्तक तोंडासमोर धरलं होतं. शेजारणीला वाटलं ती रडते आहे. ती रडत नव्हती. निसीम लहान असताना त्याला कांजिण्या झाल्या होत्या, तेव्हा आपण त्याला आठ दिवस सूप नेऊन दिलं, हे तिला आठवत होतं आणि त्या सुपाचा पश्चात्ताप होत होता.

दुपारी तरुण रब्बी येदिद्या घरी आले. मागे निसीम. रब्बी भले होते, घामाघूम झाले होते आणि कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळत नव्हतं. ते बोलायला लागले तर खामूसला काही समजेना, त्यांच्या मिशा ओठांवरून खाली आलेल्या. ते मोठ्याने बोलले, त्याहून मोठ्याने बोलले, शेवटी पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. मग त्यांनी मैसाकडे पाहिलं. सांगायचं काम तिच्यावर आलं. ती नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि रब्बींचं वाक्य त्याला जसंच्या तसं दिलं.

"ते म्हणतात, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर शिंग ऐकण्याचं धर्माचं बंधन नाही. तुला सूट आहे. आणि ज्याच्यावर बंधन नाही त्याने वाजवलेलं दुसऱ्यांच्या कामी येत नाही."

खामूस तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिने "सूट" पुन्हा म्हटलं.

"सूट लहान पोरांना," तो म्हणाला. "सूट वेड्याला. मी त्यातला कोण?"

रब्बी म्हणाले की यात अपमान नाही, देवाने भार हलका केला असं समजावं. मैसाने तेही सांगितलं. खामूस म्हणाला, मी भार हलका करायला सांगितला होता का? माझं शिंग मला ऐकू येतं. रब्बींनी आपल्या जबड्याला हात लावून दाखवलं: काका, ते दातांत वाजतं. मी आणखी पुस्तकं पाहतो, पण उद्या सगळ्या गावाचा प्रश्न आहे, उद्या हनानेल वाजवील. यंत्राचं काय, असं मैसाने विचारलं. ते म्हणाले, यंत्रातून येतो तो यंत्राचा आवाज. जुन्या काळी म्हातारे कानाला नरसाळ्यासारखी नळी लावायचे, तसल्या माणसाला पुस्तकं ऐकणारा धरतात, कारण नळी नवा आवाज काढत नाही, शिंगाचाच आत नेते. हे त्यांनी उठता उठता सांगितलं. निसीम सगळा वेळ दारात उभा होता आणि आपल्या बुटांकडे बघत होता.

"तू काही बोलणार आहेस का?" मैसाने त्याला विचारलं.

निसीम म्हणाला, काकी, वेळच तशी आली. मैसा म्हणाली, वेळ आली नाही, तू आलास, आणि तेही मागून. तिने दार त्याच्या नाकासमोर लावलं.

पाहुणे गेल्यावर खामूसचा राग निसीमवरून उठला आणि वर गेला. तो खोलीत येरझारा घालत छताशी बोलत होता, आणि आपण किती मोठ्याने बोलतो ते त्याला कळत नव्हतं.

"कर्णा कानासाठी केलास. मग कान का काढून घेतलेस? साऱ्या गावाला तू सांगायचं 'मी विसरलो नाही' म्हणून, आणि मला एकट्याला सांगायचं नाही. ही कुठली रीत?"

मैसा दुधी चिरत होती. असं बोलू नको, सणाचा दिवस आहे, असं तिने म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. तिलाही तेच विचारायचं होतं.

थोड्या वेळाने तो तिच्यासमोर येऊन बसला. उद्या तू जाऊ नकोस, म्हणाला. मी इथे वाजवीन, तू ऐक. इतकी वर्षं माझंच ऐकलंस, हनानेलचं कशाला ऐकायचं?

हे मात्र तिला लागलं. सुरी खाली ठेवून तिने त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"इतकी वर्षं मी तुझं ऐकायला जात नव्हते. त्याचं ऐकायला जात होते. तू वाजवत होतास, एवढंच. माझं बंधन गेलेलं नाही. तू देवाशी भांड, तो मोठा आहे, त्याला सवय आहे. मला त्यात ओढू नको."

खामूसने डोळे मिटले. भांडण संपवायची त्याची ही नवी रीत होती. डोळे मिटले की समोरच्याचं बोलणंच बंद. मैसाला त्याच्या डोक्यावर दुधी फोडावासा वाटला. त्या संध्याकाळी सणाचं ताट मांडलं, खजूर, डाळिंब, भोपळा, सगळ्यावरचे आशीर्वाद त्याने रागारागाने म्हटले आणि रिवाजाप्रमाणे मांडलेल्या मेंढीच्या डोक्याला हातही न लावता उठला.

सकाळी मैसाने ऑलिव्हच्या तेलाचं पत्र्याचं नरसाळं खुंटीवरून काढलं, गार पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्या कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"नरसाळं."

"ते दिसतंय. मी गाढव आहे का, कानात तेल ओतून घ्यायला? साऱ्या गावासमोर स्वयंपाकघर डोक्याला बांधून उभा राहू?"

मैसा म्हणाली, गावासमोर लाज वाटत असेल तर राहा घरी, तुला सूट आहेच. तो कपाळापर्यंत लाल झाला. तिने रुमाल बांधला आणि निघाली. वाटभर तिचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. आपण जास्त बोललो की कमी, हे ठरत नव्हतं.

सिनेगॉगमध्ये तोराचं वाचन संपलं. हनानेल शिंग घेऊन उभा राहिला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. निसीमने शाल आज मागे सारली होती. हनानेल आशीर्वादाला तोंड उघडणार, एवढ्यात दार वाजलं आणि खामूस आत आला. सणाचा पांढरा सदरा, अंगावर शाल, हातात नरसाळं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. खामूसने त्या बाकाकडे पाहिलं, आणि हसणं तिथेच थांबलं. तो सरळ पुढे गेला, हनानेलच्या शेजारी उभा राहिला, नरसाळ्याची नळी कानात घातली आणि रुंद तोंड शिंगाच्या तोंडाला जवळजवळ चिकटवलं.

हनानेलने आशीर्वाद म्हटला. खामूस त्याच्या ओठांकडे बघून "आमेन" म्हणाला, नको तेवढ्या मोठ्याने.

पहिला लांब सूर निघाला, शेवटाला जरा फाटला. मैसा जाळीला नाक लावून नवऱ्याचा चेहरा बघत होती. डोळे मिटलेले, तोंड घट्ट. काही नाही. दुसरा, मोडका सूर आला, त्यातले हुंदके एकमेकांत मिसळले, आणि खामूसच्या भुवया वर गेल्या.

मीठ कमी पडलेल्या भाजीच्या त्या भुवया. मैसाने खुर्चीची पाठ धरली. त्याला ऐकू येत होतं. ऐकू आल्याशिवाय माणूस इतका वैतागत नाही.

पुढचा सगळा वेळ त्याने कसा काढला ते तोच जाणे. बोलायची बंदी. हनानेलचे ओठ थकत होते, सूर घसरत होते, आणि दर घसरणीला खामूसच्या मानेवर लाली एक बोट वर चढत होती. एकदा त्याचा हात शिंगाकडे गेला आणि त्याने तो दुसऱ्या हाताने मागे ओढला. मैसाला हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणीही, आणि शेजारीण या वेळेसही चुकीचंच समजत होती. शेवटचा खूप लांबवायचा सूर झाला. सगळ्यांनी श्वास सोडला.

"ओठ असे सैल सोडतात?" खामूसचा आवाज कपाटापर्यंत गेला. "बस चालवतोस की उंट? दुसरा मोडका चिखल झाला. तिसऱ्या खेपेचा कापरा अर्धाच. गाल फुगवायचे नसतात, किती वेळा सांगितलंय."

हनानेलचा चेहरा उजळला. शिव्या खाऊन इतका खूष झालेला माणूस मैसाने पाहिला नव्हता. बाकांवर कुजबूज झाली: ऐकलं त्याने. रब्बी पुढे आले आणि नरसाळ्याच्या तोंडात बोलले की काका, तुम्ही ऐकलंत, तुम्ही बंधनातले. बाकीचं, म्हणजे वाजवण्याचं, मी पुस्तकांत पाहतो.

"वाजवण्याचं पाहू नका," खामूस म्हणाला. "श्वास तुटतो माझा. ते मला माहीत आहे. तेवढं कळायला पुस्तक लागत नाही." मग तो निसीमकडे वळला. "आणि तू. समोर येऊन सांगितलं असतंस, काका, आता द्या, तर मी शिंग तुझ्या हातात दिलं असतं. तू माणसाच्या पाठीमागून वाजवून घेतलंस. शिंगाच्या तोंडावर हात ठेवलास."

निसीम बोलायला लागला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, तोंडावर दिसत होतं. खामूसने कानातून नरसाळं काढलं, काखेत मारलं आणि डोळे मिटून घेतले.

नवीन वर्षानंतर दहा दिवसांत येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारी तीनदा जाऊन क्षमा मागायची असते. निसीम तीनदा आला. मैसा त्याला आत घ्यायची, कॉफी द्यायची, तिचा राग दुसऱ्या फेरीला उतरला होता. खामूस म्हणायचा, क्षमा केली, देवाने त्याच्या पुस्तकात मांडून घ्यावी. पण हे तो मैसाला सांगायचा, निसीमकडे न बघता. छताशी त्याचं भांडण मात्र मिटलं. एवढंच म्हणाला की, सांगायचं होतं तर आधीच सांगायचं, नरसाळ्यापर्यंत आणायची काय गरज होती.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. खामूसने आपलं शिंग हनानेलला दिलं. सणाआधी महिनाभर रोज सकाळी बस सुटायच्या आत हनानेल अंगणात येऊन वाजवतो आणि बोलणी खातो. सिनेगॉगमध्ये खामूस हल्ली निसीमच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, कारण तिथून शिंग जवळ पडतं. त्याच्याशी तो अजून बोलत नाही.